पापनिवेदनाला पहिल्यांदा किंवा बऱ्याच वर्षांनी जाताय? नागपुरातल्या मराठी कॅथलिकांसाठी

मी वसईची. नोकरीमुळे नागपुरात आले तेव्हा माझं शेवटचं पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूला आपली पापं सांगून देवाची क्षमा घेणं, होऊन चौदा वर्षं झाली होती. रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे, मागच्या बाकावर बसायचे, आणि कम्युनियनची (पवित्र भाकर घेण्याची) रांग सुरू झाली की खाली मान घालून जागेवरच थांबायचे. परत जावं असं खूप दिवस मनात होतं. अडत होतं ते साध्या गोष्टींवर. कुठल्या चर्चमध्ये जायचं, किती वाजता, कुठल्या भाषेत बोलायचं, पहिलं वाक्य कोणतं, आणि फादर रागावले तर काय करायचं? बाकी सगळ्यांना हे येतच असणार असं वाटतं, म्हणून विचारायचीही लाज वाटते. माझ्यासारखी आणखी माणसं त्या मागच्या बाकांवर बसलेली असतात हे मला आता माहीत आहे. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

१. आधी शब्द ओळखीचे करून घ्या

वसईकडे आपण पापनिवेदन किंवा प्रायश्चित्त संस्कार म्हणतो. गोव्याकडची माणसं कुमसार म्हणतात. नागपुरात फलकावर बहुतेक वेळा हिंदी किंवा इंग्रजी असतं, आणि हिंदीत याच संस्काराला ‘पापस्वीकार’ किंवा ‘मेल-मिलाप संस्कार’ म्हणतात. आपला धर्मग्राम (एका चर्चला जोडलेला परिसर) म्हणजे तिथला ‘पल्ली’, प्रमुख धर्मगुरू म्हणजे ‘पल्ली पुरोहित’, आणि आपला ईस्टरआधीचा उपवासकाळ म्हणजे ‘चालीसा’. मी पहिले काही महिने ‘चालीसा’ वाचून हे काहीतरी वेगळंच असेल असं समजत होते, आणि त्या वर्षीचा उपवासकाळ तसाच निघून गेला. बोलताना सगळे सरसकट ‘कन्फेशन’ म्हणतात. चर्चच्या ऑफिसात तोच शब्द वापरा, लगेच कळतं.

२. हा संस्कार आपल्याला मिळू शकतो का?

बाप्तिस्मा झालेला कॅथलिक असाल तर हो. किती वर्षं चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही, याने काही बिघडत नाही.

बाप्तिस्मा झालेला नसेल आणि श्रद्धेकडे ओढा असेल, तर फादरांशी मोकळेपणी बोलता येतं, आशीर्वादही मागता येतो, पण पापक्षमेचा संस्कार मिळत नाही. प्रौढपणी बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: बाप्तिस्म्यानेच आधीची सगळी पापं धुतली जातात, त्यामुळे त्याच्याआधी पापनिवेदन नसतं. त्यानंतर हातून जे घडेल त्यासाठी ते असतं. नागपुरात प्रॉटेस्टंट घरातली मराठी माणसंही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी कॅथलिक चर्चमध्ये येत असेल तर प्रवेशाच्या आधी पापनिवेदन करण्याची रीत आहे. ते कधी करायचं हे शिकवणारे फादर सांगतात.

एका बाबतीत थेट रांगेत उभं राहू नका. फक्त कोर्टात लग्न झालं असेल, किंवा चर्चची परवानगी न घेता दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी लग्न केलं असेल, तर आधी ऑफिसात वेळ मागून फादरांना निवांत भेटा. रांगेत पाच मिनिटांत हा विषय उलगडत नाही, आणि क्षमा लगेच मिळाली नाही तर माणूस मोडून परत जातो. ते लग्न चर्चच्या दृष्टीने रीतसर करून घेण्याची वाट बऱ्याच वेळा असते. त्यासाठी बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला आणि विवाहनोंदणीचं प्रमाणपत्र सोबत घ्या.

३. चर्च आणि वेळ ठरवा

नागपूरचा धर्मप्रांत (बिशपांच्या हाताखालचा प्रदेश) १८८७ सालचा आणि महाधर्मप्रांत १९५३ पासूनचा, म्हणजे चर्च शोधायला फार फिरावं लागत नाही. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल सदरजवळ मोहननगरात आहे. इथे मी चुकले ती चूक तुम्ही करू नका. ऑटोवाल्याला मी ‘सदरचं कॅथेड्रल’ एवढंच सांगितलं, आणि त्याने मला ऑल सेंट्स कॅथेड्रलपाशी सोडलं. ती देखणी जुनी वास्तू आहे, पण ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्च आहे. तिथे कॅथलिक पापनिवेदन नसतं. म्हणून ‘एसएफएस’ (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) असं स्पष्ट सांगा. शाळेमुळे ते नाव बहुतेकांना ठाऊक असतं.

आपल्या पल्लीत कुणी ओळखेल याचा संकोच वाटत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जायला काहीच हरकत नाही. पापनिवेदन आपल्याच धर्मग्रामात करावं असं बंधन नाही.

वेळेचं म्हणाल तर शनिवारची संध्याकाळ आणि मिस्सेच्या आधीचा अर्धा तास ही साधारण पद्धत, पण प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं. फोन करून विचारा. सगळ्यात चांगलं म्हणजे आठवड्यातल्या साध्या दिवशी वेळ मागून घ्या: “फादर, मला कन्फेशन करायचं आहे, बरीच वर्षं झालीत, थोडा वेळ लागेल.” एवढं वाक्य पुरतं.

रविवारच्या मिस्सेला पाच मिनिटं उरलेली असताना मात्र जाऊ नका. माझा पहिला प्रयत्न असाच फसला. चर्चचं नाव सांगत नाही. फादर झगा चढवत होते, गायकवृंद जागेवर बसला होता, आणि मी चौदा वर्षं पाच मिनिटांत सांगायला निघाले होते. ते घाईत होते, मी रडवेली झाले आणि अर्धवट सोडून बाहेर आले. त्यानंतर पुन्हा धीर करायला मला चार महिने लागले. पवित्र आठवड्यात आणि नाताळाच्या आधी रांगा लांब असतात. त्या दिवसांत बऱ्याच चर्चमध्ये सामूहिक प्रायश्चित्तविधी होतो, तीन-चार फादर एकाच वेळी पापनिवेदन ऐकतात. नेहमी जाणाऱ्यांसाठी ते सोयीचं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र उपवासकाळाच्या सुरुवातीलाच, राखेच्या बुधवारनंतरच्या एक-दोन आठवड्यांत जावं असं मला वाटतं. तेव्हा गर्दी नसते, आणि नागपूरचं ऊनही अजून अंगावर आलेलं नसतं.

४. सोबत काय न्यायचं

आधार कार्ड लागत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही, कुणी नावही विचारत नाही. पैसे तर अजिबात नाहीत. या संस्काराला फी नसते. दानपेटीत काही टाकायचं असेल तर तो वेगळा विषय आहे.

कागदपत्रं लागतात ती मुलाला पहिल्या कम्युनियनच्या वर्गात घालताना, कारण पहिलं पापनिवेदन त्या तयारीतच होतं. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला काढून ठेवा, आणि दुसऱ्या गावाहून आला असाल तर जुन्या धर्मग्रामाचं पत्रही आणा. पत्र मागवायला वेळ लागतो, म्हणून वर्ग सुरू व्हायच्या दोन महिने आधी लागा.

तुमच्यासाठी हव्या त्या वस्तू अशा: एक लहान कागद, रुमाल, पाण्याची बाटली. मोबाइल गाडीत किंवा बंद करून पर्समध्ये.

५. घरी बसून तयारी करा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. बाकीचं दहा मिनिटांत होतं, याला मात्र एक संध्याकाळ द्या.

शांत जागी बसा, पवित्र आत्म्याची मदत मागा आणि मागचा काळ डोळ्यांसमोर आणा. दहा आज्ञा एकेक करून घेतल्या तर धागा सुटत नाही. मला मात्र माणसं आठवणं जास्त सोपं गेलं. आई, नवरा, मुलं, भाऊ, ऑफिसातली माणसं, घरकाम करणाऱ्या ताई. प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून विचारायचं, मी यांच्याशी कशी वागले? मग देवाशी कशी वागले, आणि स्वतःच्या शरीराशी, पैशाशी, शब्दांशी कशी वागले? भावाच्या नावाशी मी अडकले. पप्पा गेल्यावर वाडीच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटलं होतं. तोवर मी ती गोष्ट ‘त्याचा अन्याय’ या खात्यात घालत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला दिसलं की अन्याय त्याचा असेलही, पण सहा वर्षं त्याच्या मुलांच्या वाढदिवसाला फोन न करणं माझं होतं.

इथे आपल्या मराठी कानांचा एक प्रश्न येतो. ‘पाप’ म्हटलं की आपल्याला पापाचा घडा आठवतो, पाप-पुण्याचा हिशेब आठवतो. त्यामुळे माणूस यादी करत बसतो आणि यादी कधीच पुरी होत नाही. पापाकडे तुटलेलं नातं म्हणून पाहा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला मुलगा वाटेत भाषण पाठ करत येतो, आणि बापाने त्याला ते पुरतं बोलूही दिलं नाही. तुमची यादी त्या भाषणासारखी आहे. ती हवी, पण घराचं दार तिच्यामुळे उघडत नाही.

पापांमध्ये गंभीर आणि लहान असा फरक चर्च करतं. विषय गंभीर, आपल्याला ते पुरतं ठाऊक, आणि तरी मनापासून केलेलं, असं तिन्ही असेल तर ते गंभीर पाप. तसं प्रत्येक पाप प्रकार आणि साधारण संख्येसह सांगायचं असतं, आणि ते सांगेपर्यंत कम्युनियन घ्यायचं नसतं. लहान दोष सांगणं सक्तीचं नाही, पण चांगलं. गंभीर पापं वर्षातून एकदा तरी सांगावीत हा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मसभेपासून चालत आला आहे.

आठवणीसाठी कागदावर खुणेचे शब्द लिहा. पूर्ण वाक्यं नकोत, नावं तर नकोतच. मोबाइलमध्ये लिहू नका. तो घरात दहा हातांत फिरतो.

पश्चात्तापाबद्दल एक शंका सगळ्यांना असते: “मला रडूच येत नाही, मग खरा पश्चात्ताप आहे का?” पश्चात्ताप हा मनाचा निर्णय आहे. हे चुकलं, आणि पुन्हा न करण्याचा प्रयत्न करायचा आहे, एवढं खरं असेल तर पुरे. सवयीचं पाप पुन्हा घडेल अशी भीती असली तरी जा. पुन्हा घडणारच नाही अशी हमी कुणी मागत नाही.

६. आत गेल्यावर काय होतं

काही चर्चमध्ये लाकडी कपाटासारखी जुनी जागा असते. मध्ये जाळी, पलीकडे फादर, अलीकडे गुडघे टेकायला फळी. ही जाळीची रचना सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केली. आपल्या सेमिनरी हिल्सवरची सेंट चार्ल्स सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था, त्यांच्याच नावाची. काही ठिकाणी नुसत्या दोन खुर्च्या असतात आणि समोरासमोर बोलायचं असतं. जाळीमागून बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे. समोर बसवत नसेल तर तसं सांगा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा.

क्रम साधारण असा:

क्रूसाची खूण करा. मग म्हणा, “फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटचं पापनिवेदन होऊन अमुक वर्षं झाली.” पहिलंच असेल तर “हे माझं पहिलं पापनिवेदन आहे.” पुढे काय म्हणायचं ते विसरलात तर तेच सांगा: “फादर, मला रीत आठवत नाही, मदत करा.” माझ्या अनुभवात हे वाक्य ऐकलं की फादर पुढे सरकून बसतात, त्यांचा आवाज मऊ होतो.

मग पापं सांगा. फादर एखादा प्रश्न विचारतात, दोन शब्द समजुतीचे सांगतात आणि प्रायश्चित्त देतात. एखादी प्रार्थना किंवा एखादी कृती. ते तुम्हाला जमण्यासारखं नसेल तर तिथेच सांगा, बदलून मिळतं. नंतर तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा. मी असं म्हणाले होते: “हे परमेश्वरा, मी तुझ्याशी आणि माझ्या माणसांशी वाईट वागले, त्याचं मला मनापासून दुःख आहे. तुझ्या कृपेने मी पुन्हा तसं वागणार नाही. माझ्यावर दया कर.” मग फादर हात पुढे करून पापक्षमेचे शब्द उच्चारतात. ते पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने संपतात. तुम्ही ‘आमेन’ म्हणायचं. शब्द पूर्ण होईपर्यंत उठू नका. मी घाबरून प्रायश्चित्त मिळताच उठायला निघाले होते.

भाषेचं काय? इथल्या बऱ्याच फादरांची मातृभाषा मराठी नसते. पण मराठी त्यांना कळते, आणि फोनवर “मराठीत ऐकणारे फादर कधी असतील?” असं विचारलं तर सांगतात. मी हिंदीत सुरुवात केली, “फादर, मुझे आशीर्वाद दीजिए”, आणि भावाचा विषय आला तसं मराठीत शिरले. त्यांनी अडवलं नाही. दुःखाचं आपल्याच भाषेत सांगावं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी लिहून दिलं तरी चालतं. मोहननगरच्या कॅथेड्रलचे आश्रयसंत फ्रान्सिस डी सेल्स हे कर्णबधिरांचेही आश्रयसंत आहेत. एका कर्णबधिर माणसाला त्यांनी खुणांनी धर्मशिक्षण दिलं होतं.

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापनिवेदन होत नाही. सल्ला मिळेल, संस्कार नाही.

७. सांगताना होणाऱ्या चुका

दुसऱ्यांची पापं सांगणं ही सगळ्यात नेहमीची. सासू कशी वागली, साहेब कसा छळतो, यातच पाच मिनिटं जातात. “मी सासूला टाकून बोलले, आठवड्यातून एकदा तरी” असं सांगितलं की झालं. दुसरी चूक मोघम बोलण्याची. “फादर, खूप पापं केली” याने कुणालाच काही कळत नाही. उलट बाजूने, तपशिलांचीही गरज नसते. नावं आणि वर्णनं नकोत. नेमकी संख्या आठवत नसेल तर ‘महिन्यातून दोनदा’ असा अंदाज चालतो.

लाजेने एखादं गंभीर पाप मुद्दाम दडवलं तर ते पापनिवेदन निष्फळ होतं, आणि मनावरचं ओझं दुप्पट होतं. म्हणून सगळ्यात जड गोष्ट सगळ्यात आधी सांगा. जीभ अडली तर “एक गोष्ट आहे, सांगवत नाही” इतकं म्हणा. फादर प्रश्न विचारून वाट काढतात. विसरलात तर घाबरू नका, विसरलेल्याचीही क्षमा झालेली असते. पुढच्या वेळी आठवण आली की सांगून टाका.

गर्भपात केल्यामुळे आता आपल्याला दारच बंद झालं असं मानून वर्षानुवर्षं दूर राहिलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांना मी हात धरून सांगेन की पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली जगातल्या सगळ्या धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमचा दिला आहे. बिशपांकडे जावं लागत नाही. तुमच्या पल्लीतले फादर पुरेसे आहेत.

उलट काहींना क्षमा मिळूनही तेच पाप पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, झोप लागत नाही. अशांनी एकच फादर कायमचे ठरवावेत आणि ते सांगतील तेवढंच करावं. मन फारच खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांकडेही जा. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन फुकट आहे. पापनिवेदन हे औषधाच्या ऐवजी घ्यायचं नसतं.

८. ते कुणाला सांगतील का?

नाही. पोलिसांना नाही, बिशपांना नाही, तुमच्या नवऱ्याला नाही. तुमच्याकडून ऐकलेलं वापरून तुमच्याशी वेगळं वागायचीही फादरांना मुभा नाही. जो धर्मगुरू ही गुप्तता उघड उघड मोडतो तो त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो. रांगेतल्या कुणाच्या कानावर काही पडलं तर त्यानेही ते पोटात ठेवायचं असतं.

बायकांसाठी आणि मुलींसाठी एक स्पष्टच लिहिते. विचारलेला प्रश्न गरजेपलीकडचा वाटला, सूर वावगा वाटला, तर उठून बाहेर या. तुम्ही पाप करत नाही. पापनिवेदनाच्या निमित्ताने गैर मागणी करणं हा चर्चच्या कायद्यात धर्मगुरूचा फार मोठा गुन्हा आहे, आणि गुप्ततेचं बंधन त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही. आर्चबिशपांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते, आणि गुन्हा असेल तर पोलिसांतही.

९. बाहेर आल्यावर

प्रायश्चित्त त्याच दिवशी करा, राहून जातं. मराठीत एरवी प्रायश्चित्त म्हणजे पापाची किंमत फेडणं. इथे क्रम उलटा असतो. क्षमा आधी मिळालेली असते, मग आपण मोडलेलं जमेल तेवढं दुरुस्त करायला लागतो. चोरलेलं परत द्यावं लागतं, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरावी लागते.

मला ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ सावकाश म्हणायला सांगितलं होतं, आणि भावाला फोन करायला. प्रार्थना तिथेच झाली. फोन करायला रात्रीचे नऊ वाजले, तीनदा नंबर लावून कट केला. शेवटी लावलाच, आणि त्याने उचलला. वाडीचा विषय निघाला नाही, आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो.

कागद बारीक फाडून टाका. त्याच संध्याकाळी मिस्सा असेल तर थांबा आणि कम्युनियन घ्या. आणि घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला पेन्सिलीने एक लहानसा क्रूस काढा. पुढच्या वेळी पहिल्याच वाक्यात तो दिवस सांगावा लागतो.